दळणाचा डबा : दुपारपर्यंत वातड होणारी टॉर्टिया

मागच्या महिन्यात घरघंटीच्या जाळ्यांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ताज्या दळणाची टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोकडची पिठात मोहन चोळलेली पोळी, मैद्याच्या टॉर्टियापेक्षा खायला गोड लागते. झालं! जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून पत्रं आली आणि त्यातली निम्मी तक्रारीची. मला नवल वाटलं नाही. अमळनेरात बत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे मी. पोळी बिघडली की दोष गिरणीचा, चांगली झाली की हात सुगरणीचा, हे रांगेतच शिकले.

काकू, नातवंडांच्या डब्यासाठी घरघंटीवर गहू दळून टॉर्टिया करते. दोन वाट्या पीठ, अर्ध्या वाटीहून जरा जास्त पाणी, दोन चमचे तेल, मीठ. मळून लगेच लाटते, मंद आचेवर छान दोन्हीकडून भाजते. सकाळी मऊ असतात, पण दुपारच्या सुट्टीपर्यंत पापडासारख्या होतात. डबा तसाच परत येतो. पिठात काही दोष आहे का?
– एक आजी, पारोळा

तुम्ही प्रमाण लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मीही पिठावरच संशय घेतला असता. पीठ चांगलं आहे. ते तहानलेलं आहे, एवढंच.

विकतच्या मैद्यात कोंडा नसतो. तो पाणी झटकन ओढतो आणि पाच मिनिटांत सांगतो, झालं माझं. तुमच्या दळणात सगळा कोंडा आहे, अंकुर आहे. कोंडा पाणी भरपूर पितो, पण सावकाश पितो. मळताना कणीक हाताला बरोबर लागते, तेव्हा कोंडा अजून कोरडाच असतो. मग तो पाणी ओढतो कुठून? लाटलेल्या, भाजलेल्या टॉर्टियातून, डब्यात बसल्या बसल्या. शिवाय कोरड्या कोंड्याच्या कडा धारदार असतात, त्या कणकेचा ताण आतून कापत जातात. म्हणून कडा चिरतात. भिजलेला कोंडा मऊ असतो, तो तेवढं नुकसान करत नाही.

घरघंटीच्या पिठाला तर आणखी वेळ द्यायला हवा. दगडाच्या गिरणीत दाणा दोन दगडांमध्ये रगडला जातो, घरघंटीत तो पात्यांवर आपटून फुटतो आणि जाळीतून गळतो. जाळी जाड असेल तर पीठ चिमटीत रवाळ लागतं. भाकरीला चालेल, बट्टीला तर हवंच, पण टॉर्टियाला सगळ्यात बारीक जाळी लावा.

आता माझं प्रमाण. अर्धा किलो पीठ, दीड चमचा मीठ, साठ ग्रॅम स्निग्ध. मी अर्धं तूप, अर्धं शेंगदाण्याचं तेल घेते, कारण नुसतं तूप थंडीत थिजतं आणि टॉर्टिया घडी घालताना मोडते. हे तूप-तेल पिठाला कोरडंच चोळायचं, शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं, मूठ वळली पाहिजे. मग ३०० ते ३२५ मिलिलिटर पाणी, गरम. उकळतं नको, बोटाला चटका बसेल इतपत. गरम पाण्याने पिठातला थोडा स्टार्च तिथल्या तिथे फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. उकडीच्या भाकरीला आपण हेच करतो, तिथे कुणी कारण विचारत नाही.

पहिल्यांदा कणीक चिकटेल. चिकटू द्या, पीठ वाढवू नका! इथेच सगळ्या जणी घसरतात. ओलं फडकं झाकून पाऊण तास विसरून जा. पाऊण तासाने तीच कणीक हाताला सोडते, कानाच्या पाळीसारखी लागते. तिचे बारा गोळे करा, सत्तर-बहात्तर ग्रॅमचा एक होतो. गोळ्यांना पुन्हा दहा-पंधरा मिनिटं झाका, मग वीतभर रुंद लाटा.

आणि मंद आच? ती साफ विसरा. मंद आचेवर टॉर्टिया भाजली जात नाही, वाळते. लोखंडी तवा चांगला तापवा, पाण्याचा थेंब नाचून उडाला पाहिजे. पहिली बाजू तीसेक सेकंद, फोड आले की उलटा, दुसरी तेवढीच, डाग पडले की खाली. एकूण मिनिटभराच्या वर तव्यावर राहिली तर समजा जास्त झाली. खाली उतरवली की लगेच सुती कापडात, एकावर एक, गुंडाळून. स्वतःच्या वाफेत ती दहा मिनिटं बसली पाहिजे. घडीच्या पोळीत तेल घडीच्या मध्ये असतं, पदर सुटतात आणि वाफ आत राहते. टॉर्टियाला पदर नाहीत, तिचं तेल पिठातच आहे, म्हणून वाफ बाहेरून द्यावी लागते. डब्यात गरम भरू नका, घाम सुटून ओल्या होतील. कोमट झाल्या की त्याच कापडासकट भरा.

एवढं करूनही वातड झाल्या तर मला पुन्हा लिहा. मग घरघंटी बघायला पारोळ्याला येईन, लांब थोडंच आहे.

काकू, मी शिरपूरचा, नोकरीला पुण्यात. विकतच्या टॉर्टिया तीन आठवडे मऊ राहतात. घरच्या तीन दिवसही नाही. काय घालतात त्यात?
– एक वाचक, पुणे

पाकिटाची मागची बाजू वाच रे बाबा, तिथेच लिहिलेलं असतं. बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिओनेटसारखे पदार्थ, थोडं आम्ल, मऊपणासाठी इमल्सिफायर. ते आपल्याला नको. आपल्या टॉर्टिया करून गार झाल्या की सहा-सहाच्या पिशव्या भर, डीप फ्रीजमध्ये महिनाभर नीट राहतात. काढल्यावर पाण्याचा हात लावून तापल्या तव्यावर वीस सेकंद. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवू नकोस, तिथे त्या बाहेरच्यापेक्षा लवकर शिळ्या आणि ताठ होतात. भाताचंही तसंच होतं, पाहिलं असशील.

आमच्याकडे घरचा बन्सी गहू आहे. आईचं म्हणणं, बन्सीइतका जड, पिवळाधमक गहू दुसरा नाही. पण टॉर्टिया लाटताना आखडते आणि कडेला फाटते. लोकवन घ्यावा का शरबती? आणि खपली चालेल का?
– एक वाचक, साक्री

आईचं खरं आहे. बन्सी शेवयांचा राजा, रव्याचाही. पण तो वेगळ्या जातीचा गहू, शेवया-पास्त्याचा, इंग्रजीत ज्याला ड्युरम म्हणतात तो. त्याच्या कणकेला ताण असतो, पण ती लांबायला तयार नसते. ओढली की परत येते, जास्त ओढली की तुटते. खपलीचं उलट, तिची कणीक ताणच धरत नाही. दोन्हींची टॉर्टिया होते, पण जाडसर आणि लहान करावी लागते. बन्सी संपवायचाच असेल तर चार वाट्या लोकवनला एक वाटी बन्सी घाला, रंग सुरेख येतो.

लोकवन घ्या. किराणा दुकानात १४७ नंबरचा गहू मिळाला तर तोही चालेल. शरबतीची टॉर्टिया चवीला गोड आणि मऊ होते, पण पैसे जास्त मोजावे लागतात, आणि चिंचेची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कांदा भरून गुंडाळल्यावर ती गोडी कुणाला कळते?

आता लोकवनची गंमत सांगते. ही मला आमच्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या, कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका भाऊंनी सांगितली. त्यांचा डबा नेहमी रांगेत शेवटी असायचा आणि बोलणं सगळ्यात लांब. लोकवन हे नाव लोक-१ वरून आलं. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसरा आहे, तिथल्या लोकभारती संस्थेत हा वाण तयार झाला. त्याच्या आई-बापांपैकी एक म्हणजे सोनालिका. आणि सोनालिका निवडली गेली ती मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हाच्या वाणांतून. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं होतं, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ अशी त्यांची नावं. सोनोरा हा मेक्सिकोचा उत्तरेकडचा प्रांत. गव्हाचे अमेरिकन संशोधक नॉर्मन बोरलॉग यांनी बुटक्या गव्हाचं काम तिथल्याच याकी खोऱ्यातल्या शेतांत केलं. त्या गव्हाचा दाणा लालसर होता, आपल्या लोकांना तो पोळीला नको होता. मग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत सोनोरा ६४ वर किरणांचा मारा करून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा काढला. (मध्य प्रदेशातल्या सिहोरकडचा शरबती म्हणून जो विकतात तो हा नव्हे, नावावरून फसू नका.)

गव्हाच्या टॉर्टियाचं माहेर कोणतं? तेच सोनोरा. म्हणजे साक्रीत बसून तुम्ही लोकवनची टॉर्टिया केली तर गव्हाला काही परकं वाटायचं कारण नाही.

तुम्ही एवढं कौतुक करता, पण टॉर्टिया म्हणजे आपली जाड पोळीच ना? नाव इंग्रजी झालं की किंमत वाढते. आमच्या रावेरात पन्नास वर्षं पोळीत भाजी गुंडाळून खातात.
– एक वाचक, रावेर

पहिली दुरुस्ती, नाव इंग्रजी नाही, स्पॅनिश आहे. बाकी तुमच्याशी भांडायचं नाही मला. मीही असंच म्हणत होते.

२०१६ मध्ये लेकीच्या बाळंतपणाला ॲरिझोनात ट्यूसन गावी पाच महिने राहिले. वाळवंटी गाव, मे महिन्यात भुसावळचीच आठवण यावी असं ऊन. मेक्सिकोची हद्द गाडीने तासाभरावर. भिंतीला भिंत लागून राहणारी बाई सोनोराकडची, माझ्याच वयाची. एका रविवारी तिच्या परसात धूर दिसला. मी डोकावले तर विटांची चूल, त्यावर लोखंडी तवा पालथा घातलेला, घुमटासारखा. बाजूला परातीत गोळे. तिने एक गोळा घेतला, थापला, आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवायला लागली. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. गोळ्याची रोटी वाढत वाढत पार बगलेपर्यंत पोचली, इतकी पातळ की पलीकडचं झाड दिसावं. मग अलगद त्या पालथ्या तव्यावर पसरली.

मी तिथेच मटकन बसले. अहो, हे तर मांडे! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी आई अंगणात खापर पालथं घालून अगदी हेच करायची. फरक एवढाच, की आईच्या रोटीच्या पोटात पुरण असायचं.

त्या रोटीला तिकडे सोबाकेरा म्हणतात, सोबाको म्हणजे बगल, त्यावरून. जळण होतं मेस्कीटचं. लेक म्हणाली, आई, ही आपली वेडी बाभूळच समज. एकाच कुळातली आहेत दोन्ही झाडं. धुराचा वास ओळखीचा का वाटला ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने तिच्याकडे गेले, घरी लोकवनचं पीठ नव्हतं म्हणून दुकानातून आणलेलं सबंध गव्हाचं पीठ घेऊन. मला दाखवायचं होतं की हातावरची रोटी आम्हालाही येते. पहिला गोळा मनगटाशी फाटला, दुसरा कोपराशी, तिसरा तिच्या कुत्र्याने खाल्ला. तिने माझी कणीक चिमटीत धरली, स्वतःच्या कानाची पाळी धरली आणि मान हलवली. मला भाषेची गरज पडली नाही. कणीक घट्ट होती, आणि मी घाई केली होती.

पण खरी चूक माझ्या नंतर लक्षात आली, आणि गिरणीवालीला ती आधी लक्षात यायला हवी होती. मांड्याचं पीठ कधी कोंड्यासकट असतं का? आई गहू धुऊन, ओलवून, दळून आणायची आणि पीठ वस्त्रगाळ करायची. कोंडा सगळा फडक्यावर. मग ती कणीक तेल-पाणी लावून पाट्यावर आपटून आपटून तिंबायची, बारीक तारा सुटेपर्यंत. हातावर ताणायची रोटी कोंड्याच्या पिठाची होत नाही. ती बाईही मैद्यासारखंच पीठ वापरत होती. म्हणून सबंध गव्हाची टॉर्टिया लाटण्यानेच करावी, वीतभर, जाडसर. बगलेपर्यंत न्यायची हौस असेल तर पीठ चाळा. दोन्ही एकदम मिळत नाही.

तर रावेरकर, तुमची पोळी आणि तिची टॉर्टिया सख्ख्या नाहीत, पण मांडे आणि सोबाकेरा मात्र जत्रेत हरवलेल्या बहिणी वाटतात. फरक मोहनाचा. आपण पोळीला तेल घडीत लावतो, तिकडे पिठात चोळतात, आणि तेही मूळचं डुकराच्या चरबीचं. मी माळकरी आहे म्हटल्यावर तिने माझ्यासाठी वनस्पती तुपाच्या केल्या. वनस्पतीचं मला अप्रूप नाही, अमळनेरात १९४५ साली ज्या कारखान्यातून पुढे विप्रो झाली तो वनस्पती तुपाचाच होता, आमच्या लहानपणी गावभर त्याचीच चर्चा. आता मी वनस्पती वापरत नाही. त्यातल्या ट्रान्सफॅटवर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तरी घरात तूप असताना कशाला?

मक्याच्या पिठाच्या टॉर्टिया गुंडाळायला गेलं की मोडतात. आमच्या शेतात मका भरपूर आहे.
– एक शेतकरी, शहादा

भाऊ, नुसता मका दळून ती टॉर्टिया होत नाही. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. किलोभर वाळलेल्या मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना, तीन लिटर पाणी. अर्धा-पाऊण तास उकळा आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवा. सकाळी चोळून सालं काढा, दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि ओलाच वाटा. चुन्याने साल सुटतं, पीठ चिकट होऊन धरून राहतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, चुना त्याला खातो. भिंतीचा चुना तर मुळीच नको. आणि हा ओला मका कुणाच्या घरघंटीत घालू नका, हात जोडून सांगते.

नवीन दळण आणलं की पहिल्या पोळीला कचकच लागते, आणि महिनाभराने तेच पीठ कडवट होतं. गिरणी बदलू का?
– एक गृहिणी, भुसावळ

कचकच आणि कडवटपणा, या दोन वेगळ्या गोष्टी.

कच येते ती दगडाला नवी टाकी लावल्यावर, म्हणजे झिजलेला दगड टाचून पुन्हा खरखरीत केल्यावर. टाकी लावली की पहिलं पायलीभर हलकं धान्य दळून टाकून द्यायचं असतं. मी एकदा घाईत ते विसरले आणि लग्नघराचं दळण आधी घातलं. सगळ्या वऱ्हाडाच्या पोळ्यांत कच. नवरदेवाच्या आत्याने त्यानंतर दहा वर्षं माझ्या गिरणीची पायरी चढली नाही, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हा गिरणीवाल्याला विचारा, टाकी कधी लावली. आणि आपलं दळण डाळीच्या मागे घालू नका, गव्हावर गहू आला पाहिजे. आमच्याकडे बाया विचारायच्या, “माय, मनं दयन कवय व्हई वं?” (माझं दळण कधी होईल गं?) मी सांगायचे, पुढचा डबा हरभऱ्याचा आहे, थांब, तुझं त्याच्या आधी घेते.

कडवटपणा तुमच्या घरातला आहे. सबंध गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतं, दळलं की त्याला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. भुसावळच्या उन्हाळ्यात महिनाभराचं दळण ठेवणं म्हणजे तेलाला आमंत्रणच. दहा-बारा दिवसांचंच दळा. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरून पूर्ण गार करा, मगच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला घाम येऊन गुठळ्या होतात. एप्रिल-मेमध्ये जागा असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. आणि आधीच्या पिठावर नवं पीठ ओतू नका. डबा रिकामा करा, कोरड्या फडक्याने पुसा, कोपऱ्यातलं जुनं पीठ निघालं की नाही ते बोट फिरवून बघा.